काकांच्या हमूरसाठी शिसं

साच्याचे दोन्ही पल्ले मी डावेच कापले.

हे वाक्य कळलं नसेल तर चपलांचा विचार करा. एखाद्या चांभारानं मन लावून दोन चपला शिवल्या, टाके सुबक, पॉलिश चकचकीत, आणि गिऱ्हाइकानं पाय घातल्यावर कळलं की दोन्ही डाव्या पायाच्या आहेत. मी तेच ॲल्युमिनियममध्ये केलं होतं. तेही हातात आयटीआयचं सर्टिफिकेट आणि पाठीशी मिलिंग मशीनवरची आठ-दहा वर्षं असताना.

तेव्हा आम्ही अजमानला राहत होतो. नव्वदीचं दशक संपत आलं होतं. खाली बकाला, म्हणजे किराणा दुकान, आणि वर एका खोलीत आम्ही तिघं. मी चिंचवडचा. इंडस्ट्रियल एरियातल्या एका वर्कशॉपमध्ये खिडक्यांच्या फ्रेमसाठी लागणारे ॲल्युमिनियमचे भाग कापायचो. दुसरा कोल्हापूरकर, एका कंपनीत फोर्कलिफ्ट चालवायचा आणि खोलीवर आमटी करायचा. आमटी कुणी करायची यावर चर्चा नव्हती, कारण मी केलेली त्यानं एकदाच खाल्ली होती. आणि तिसरे काका. काका देवगडकडचे, इलेक्ट्रिशियन, आम्हा दोघांपेक्षा पंधरा-वीस वर्षांनी मोठे. माझ्या शाळेच्या दिवसांपासून ते गल्फमध्ये होते. किनाऱ्यालगतच्या किती बिल्डिंगांमध्ये त्यांनी वायरी ओढल्या होत्या, देव जाणे. काम कुठल्याही मजल्यावर असो, डबा खायला ते समुद्र दिसेल अशा खिडकीशी बसायचे.

त्या वर्षी काका कायमचे घरी निघाले. व्हिसा कॅन्सल करायला टाकला होता, रविवारचं तिकीट हातात होतं, आणि बॅगा भरून त्यांवर दोरीची फुली मारून झाली होती. एकच गोष्ट राहिली होती. एवढी वर्षं खडकांवर बसून त्यांनी लहानसहान मासे काढले, पण खोल पाण्यातला मोठा हमूर काही स्वतःच्या हातानं वर ओढला नव्हता. हमूर म्हणजे आपल्याकडचा हेकरू. जाड ओठांचा, सुस्त, तळाच्या कपारीत बसून राहणारा मासा. शुक्रवारी काही लाँचवाले माणसं घेऊन गरी, म्हणजे गळ, टाकायला खोल पाण्यात जात. काका दोनदा जाऊन रिकाम्या हातानं परत आले होते. आता शेवटचा शुक्रवार उरला होता.

दुसऱ्या खेपेला मीही सोबत होतो. त्या दिवशी पाण्याला ओढ इतकी होती की आमची तंगूस, म्हणजे ती नायलॉनची दोरी, पतंगासारखी आडवी जात होती. गरी तळाला पोचतच नव्हती. पुढच्या बाजूला बसलेल्या केरळी लोकांनी दोरीला चांगली जड शिसं बांधली होती. त्यांच्या दोऱ्या सरळ खाली जात होत्या आणि त्यांचे मासे सरळ वर येत होते.

"वजन व्हया रे," काका म्हणाले. "वजनाशिवाय गरी तळाक जातली कशी?"

"मी करतो ना," मी म्हणालो.

"काय करतलंस?"

"वजनं. शिसं ओतून. साचा बनवतो, एका वेळी सहा निघतील असा."

"दुकानात गावतत," काका म्हणाले.

इथे थांबलो असतो तर ही गोष्टच झाली नसती. बंदराशेजारच्या दुकानात टोपलीभर पडलेली असायची ती वजनं. पण माझ्या हाताखाली लाखांचं मशीन असताना मी टोपलीतलं शिसं विकत घेऊ? आमच्या चिंचवडमध्ये माणूस भिंतीला खिळा ठोकायचा तरी आधी ड्रॉइंग काढतो. समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो विमानातून, आणि मासा मला ताटातला तेवढा ओळखता यायचा, ही माहिती तेव्हा कुणी विचारली नाही आणि मी सांगितली नाही.

काकांचं म्हणणं एवढंच होतं: "साधो गोळो कर. पेरूसारखो."

पेरू? छे! मी कागदावर जे काढलं ते पाहून कोल्हापूरकर म्हणाला, "हे काय, दिवाळीचं रॉकेट?" खाली निमुळतं, वर फुगीर, आणि चारी बाजूंना पंख. हे पंख तळाच्या रेतीत रुततील आणि वजन जागचं हलणार नाही, असं मी त्याला समजावलं.

"नक्षी कित्याक?" काका.

"नक्षी नाही काका, डिझाइन आहे."

"बरां," काका म्हणाले. त्यांचं 'बरां' ऐकलं की माणसानं तिथल्या तिथे कागद फाडून टाकायला हवा, एवढं मला तेव्हा उमगायला हवं होतं.

वर्कशॉपच्या भंगारातून मी दोन जाड प्लेटी उचलल्या. फोरमन केरळचा, माणूस चांगला. "कंपनी का काम पहले, मच्ची का काम बाद में," एवढ्या अटीवर त्यानं परवानगी दिली. मी डाव्या कडेपासून मोजत सहा घरं आखली आणि उजवीकडे मुठीसाठी रुंद पट्टी सोडली. पहिली प्लेट मशीनवरून उतरली तेव्हा इतकी देखणी होती की मी ती दोनदा पुसली. मग त्याच ड्रॉइंगवरून, तशीच डाव्या कडेपासून मोजत, दुसरी कापली.

दोन्ही एकमेकींवर मिटल्या. एकीची मूठ उजवीकडे गेली, दुसरीची डावीकडे. आणि एकीच्या घरासमोर दुसरीची भिंत आली. सहापैकी एकाही घराला जोडीदार मिळाला नाही. खिडकीचे भाग मी सुटे सुटे कापत आलो होतो. जोडीनं मिटणारी वस्तू जन्मात केली नव्हती, आणि आरशात डाव्याचं उजवं होतं एवढं साधं ज्ञान दाढी करताना रोज दिसूनही डोक्यात शिरलं नव्हतं.

फोरमन येऊन उभा राहिला. त्यानं साचा उघडला, मिटला, पुन्हा उघडला.

"दोनों लेफ्ट है," तो म्हणाला.

"हां."

"एक और लेफ्ट बना लो. तीन हो जाएँगे." आणि गेला. दुपारपर्यंत सगळं वर्कशॉप मला 'लेफ्ट' म्हणायला लागलं होतं. एका पाकिस्तानी वेल्डरनं तर चहाचा कप आणून माझ्या डाव्या हातात दिला.

नवी प्लेट घेऊन उजवा पल्ला कापला. या खेपेस आरशातलं ड्रॉइंग काढून, तीनदा पडताळून. साचा मिटला तेव्हा मधून उजेडाची रेघही दिसत नव्हती. मला वाटलं, संपल्या अडचणी.

शिसं मिळवणं त्या मानानं सोपं गेलं. गाडीच्या चाकांचा तोल साधायला रिमला शिशाचे छोटे तुकडे ठोकतात. टायरवाल्या पठाणाकडे जुन्या तुकड्यांचा डबा भरलेला होता. "ले जाओ, भाई, जगह खाली करो," तो म्हणाला. वितळवायला मी पाइपच्या तुकड्याला बूड आणि दांडा वेल्ड करून भांडं केलं. ओतायला मात्र काही केलं नव्हतं. त्यासाठी खोलीतली स्टीलची पळी घेतली.

गुरुवारी अर्धा दिवस काम असायचं. चार वाजता मी गच्चीवर गॅसची शेगडी मांडली. ऊन अजून टाकीवर तळपत होतं, आणि काका पाण्याच्या पाइपावर बसून दोऱ्यांना गऱ्या बांधत होते. पत्र्याच्या दारातून कोल्हापूरकर आला.

"गॅस कुठंय रे? आमटी टाकायची हाय."

"इथे आहे."

त्यानं शेगडी पाहिली, भांडं पाहिलं, मग भांड्यात बुडालेली वस्तू पाहिली. "ती माझी पळी हाय काय?"

"होती," मी म्हणालो. "आता तिनं आमटी वाढायची नाही. शिसं विषारी असतं."

"मग आमटी काय बुटानं वाढू?"

काका खाली मान घालून हसत होते. मी मात्र चिडलो. इथे एवढं शास्त्रीय काम चाललंय आणि ह्याला आमटी सुचतेय! शिसं वितळलं होतं. वर काजळी आणि टायरवाल्याचा कचरा तरंगत होता, तो बाजूला सारला की खाली आरशासारखा चमकदार रस. मी साच्याच्या घरांत तारेच्या नाक्या बसवल्या, दोरी बांधायला. त्या संध्याकाळी न सांगता बरोबर झालेलं तेवढं एकच काम. साचा मिटला, पकडीत धरला आणि पळीभर शिसं पहिल्या घरात ओतलं.

फाड्!

साच्यानं ते शिसं तोंडावर थुंकल्यासारखं परत फेकलं. थेंब माझ्या बनियनवर, टाकीवर, चपलेवर. मशीनचं तेल जावं म्हणून दुपारी मी साचा भांडी घासायच्या साबणानं धुतला होता. वरून पुसलाही होता. पण तारेसाठी कापलेल्या बारीक खाचांत पाणी राहिलं, आणि वितळलेल्या शिशाखाली सापडलेलं थेंबभर पाणी काय करतं हे मला आता माझ्या बनियनची भोकं सांगत होती.

काकांनी मानेला धरून मला मागे खेचलं होतं. कधी उठले, कधी पोचले, कळलं नाही.

"डोळे गेले असते मेल्या तुजे!" ते ओरडले. "माका नको तो हमूर! दुकानात जातंय आणि घेवन येतंय!"

त्या क्षणी खरं तर मलाही दुकानातच जायचं होतं. पण माणसाच्या अंगावर शिसं उडालं की अक्कल येते असं काही नाही. मी म्हणालो, "एक डाव काका. फक्त एक डाव." शेवटी कोल्हापूरकरानं त्याचा फोर्कलिफ्टवरचा चष्मा आणि जाड हातमोजे आणून माझ्या अंगावर फेकले. "घाल. नाहीतर उद्या तुला आंघोळ पन आमीच घालायची." आणि तिथेच कंबरेवर हात ठेवून उभा राहिला, पहारेकऱ्यासारखा.

साचा शेगडीवर धरून वाळवला. पण वाळला म्हणजे तापला असं नव्हे. दुसऱ्या खेपेला शिसं उडालं नाही, अर्ध्या वाटेतच थिजलं. साचा उघडल्यावर आत सहा सुरकुतलेली, पंख तुटलेली प्रकरणं होती.

"जुळी नव्हं, सहाजुळी," कोल्हापूरकर म्हणाला. "आणि समदी अशक्त."

मग साचा जास्त तापवला. हातमोज्यातूनही चटका बसेल इतका. आता शिसं पंखांच्या टोकापर्यंत गेलं, घरं काठोकाठ भरली. थोडं थांबून साचा उघडायला गेलो, तर तो उघडेना. ओढला, आपटला, शिव्या दिल्या. खिडकीचे भाग काटकोनात कापायची सवय. त्यामुळे पंखांच्या भिंतीही मी सरळसोट काटकोनात कापल्या होत्या. साच्याच्या भिंतीला किंचित उतार द्यावा लागतो, तेव्हा कुठे आतली वस्तू सुटते. बायका मोदकाचा साचा वापरतात त्यांनाही ते कळतं. मी मोदक खात आलो होतो, साचा पाहिला नव्हता.

शेवटी लाटण्यानं ठोकून एकेक वजन बाहेर काढलं. ते सुटतं कसलं? आधी लाटण्याची सालपटं निघाली. खालून नातूर, म्हणजे आमच्या बिल्डिंगचा वॉचमन, आवाज ऐकून वर आला. भुवया वर नेऊन म्हणाला, "मकान गिराता है क्या? यल्ला, खलास करो!" पण उजेड मावळायच्या आत सहाची सहा वजनं कठड्यावर ओळीनं उभी होती. चकचकीत, पंख पसरलेली. मला माझाच हेवा वाटला.

काकांनी एक उचललं आणि हात खाली गेला.

"अर्धो किलो म्हणत होतंस ना?"

मी बकाल्यातून काटा मागून आणला. किलोला थोडं कमी. पोटाचा हिशेब मी केला होता, पंखांचा राहून गेला होता.

"जड आहे म्हणजे चांगलंच की," मी म्हणालो. वजन नाकीला धरून काकांनी हलकेच झुलवलं आणि पिशवीत ठेवलं.

शुक्रवारी पहाटे लाँच सुटली. तांडेल, म्हणजे लाँचचा कप्तान, कच्छकडचा होता. चढतानाच त्यानं बजावलं की जुम्म्याच्या नमाजाआधी धक्क्याला लागायचं, मासा मिळो न मिळो. म्हणजे काकांच्या हातात जेमतेम सकाळ होती. कोल्हापूरकरही आला होता. त्याला समुद्राची भीती वाटायची आणि मासा आवडायचा नाही, पण "शेवटचा शुक्रवार हाय म्हाताऱ्याचा" म्हणून आला, आणि बंदर सुटल्यापासून डोळे मिटून बसून होता.

खडकाच्या जागेवर लाँच थांबली. काकांनी गरीला आमिष म्हणून तारली माशाचा तुकडा लावला, खाली माझं वजन बांधलं आणि सोडलं. दोरी सरळ, अगदी ओळंब्यासारखी खाली गेली. काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी छाती किती पुढे काढली होती ते मला विचारू नका.

"लागला तळ," काका म्हणाले. थोड्या वेळानं दोरी जरा वर घ्यावी म्हणून त्यांनी ओढली. ओढली तर येईना. डावीकडून ओढली, उजवीकडून ओढली. मग तट्ट!

पंख खडकाच्या कपारीत बसले होते. रेतीत रुतायला केलेले पंख खडकात तर नांगरासारखे अडकणार, हे कागदावर रॉकेट काढताना लक्षात यायला काय हरकत होती? दुसरं वजन गेलं. तिसरं गेलं. चौथ्याला मी स्वतः ओढायला गेलो आणि दोरीनं तळहात कापून घेतला. पाचवं काकांनी खूप जपून सोडलं. ते खूप जपून अडकलं.

"तुमी लोग मच्छी पकड़ने आया, के समंदर का फ़र्श बनाने आया?" तांडेल म्हणाला. या खेपेलाही पुढे बसलेली केरळी माणसं मोठ्यानं हसली. काका हसले नाहीत. ते पाण्याकडे बघत होते आणि मध्येच सूर्याकडे. दोन हमूर केरळी लोकांनी वर घेतले होते. आमच्या पिशवीत एक वजन होतं.

दुकानातली टोपली डोळ्यांसमोर येत होती. तांडेलाला म्हणालो, "भाई, जहाँ पत्थर खतम होता है, वहाँ ले चलो. थोड़ा रेती की तरफ़." त्यानं घड्याळ पाहिलं, बडबडला, आणि काकांच्या चेहऱ्याकडे बघून लाँच हलवली.

खडक संपून रेती लागते त्या कडेला शेवटचं वजन खाली गेलं. बसलं. काका दोरी बोटांवर धरून बसून राहिले. मासा टोचतो तेव्हा दोरीतून बारीक ठोका बोटाला कळतो, त्यावर सगळा खेळ. पण खाली किलोभर शिसं पंख पसरून बसलेलं. त्यातून ठोका कसा कळायचा? काका मधूनमधून बोटं बदलत. काही कळत नव्हतं. पुढचे लोक डबे उघडून खायला लागले. तांडेलानं इंजिनावरचं फडकं उचललं आणि सगळ्यांना दोऱ्या गुंडाळायला सांगितलं.

काका ओढायला लागले. पहिले दोन हात ओढूनच त्यांच्या कपाळाची शीर उभी राहिली.

"कितक्या जड केलंस मेल्या! कोणाच्या बापाशीन असला वजन बांधलेला?" ते ओढत होते आणि मला शिव्या देत होते. "पंख लावतंय म्हणे! इमान उडवूचा होता?" मी मदतीला हात पुढे केला तर त्यांनी कोपरानं ढकलला. "हात नको लावू. तुजो हात लागलो की सगळा आडाकता." शिवीला एक हात दोरी, असं चाललं होतं. कोल्हापूरकरानंसुद्धा ते ऐकायला डोळे उघडले. मी खाली मान घालून दोरीची वेटोळी करत बसलो. एवढी वर्षं या माणसानं वाट पाहिली, आणि शेवटच्या सकाळी मी त्याला शिशाचा गोळा ओढायला लावला होता.

मग काकांची एक शिवी अर्ध्यावरच राहिली.

पाण्यात काहीतरी तपकिरी हललं. आधी वाटलं शेवाळ. मग जाड ओठ दिसले, ठिपके दिसले, आणि तांडेलच ओरडला, "अरे, हमूर है! जाली लाओ, जाली!" कोल्हापूरकर भीती विसरून उठला आणि जाळ्याऐवजी माझी कॉलर धरून उभा राहिला. तांडेलानं जाळं घातलं. चांगल्या परातीएवढा हमूर फळीवर येऊन धप्पकन पडला.

केव्हा लागला होता कोण जाणे. खालीच झटापट करून दमून गेला असावा, आणि वरच्या माणसाला त्याचा पत्ताच लागला नव्हता.

काका गुडघ्यांवर बसले. त्यांनी हमुराच्या पाठीवरून हात फिरवला, एकदा, मग पुन्हा, आणि ओला हात तोंडावरून फिरवला. पुढची माणसं येऊन बघून गेली. कुणीतरी "माशाल्ला, काका" म्हणालं. लाँच वळली होती, वारा तोंडावर होता, आणि मला वाटलं हीच ती वेळ.

"बघा काका," मी म्हणालो, "शेवटी माझं वजनच कामाला आलं ना?"

काकांनी हमुराच्या ओठातून गरी सोडवली, माझं पंखांचं शिसं हातात तोललं आणि माझ्याकडे वळून पाहिलं.

"ह्यो गरीक लागाक नाय रे," ते म्हणाले. "तुजा ह्या शिसा ह्येच्या डोक्यार पडला, म्हणान गावलो."